मंडळींनी पाठ फिरवली

१

कोठीचं दार उघडलं आणि फौजदार उंबऱ्यावरच थबकले.

आत चार लांब फळ्यांवर चाळीस लाकडी माणसं उभी होती, आणि चाळीसच्या चाळीस पाठमोरी होती. कुणाचे खांदे रुंद, कुणाची मान बारीक, कुणाच्या डोक्यामागचा रंग विटलेला. पण चेहरा एकाचाही दिसत नव्हता. सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. मधल्या फळीवर बरोबर मध्ये एक जागा रिकामी होती आणि तिथल्या पातळ धुळीत तळहाताएवढा स्वच्छ गोल उरला होता.

फौजदारांनी नोकरीत नाही नाही ते पाहिलं होतं, पण या पाठींनी त्यांच्या अंगावर काटा आला. माणूस अशी पाठ कधी फिरवतो हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या दादाचा जीव हॉस्पिटलच्या खोलीत जात होता, तेव्हा हे धाकटे बंधुराज बाहेर व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभे होते. आत जाऊन बघायची हिंमत झाली नव्हती.

"काल साडेपाचला कुलूप मी लावलं," त्यांच्यामागून वहिनी म्हणाल्या. "आज नऊला उघडलंही मीच. उघडलं तेव्हा मंडळी अशीच होती."

'मंडळी' हा दादाचा शब्द. संग्रहालयाची ही कोठी दादाने चोवीस वर्षं सांभाळली. त्याच्यानंतर ती जागा वहिनींना मिळाली. किल्ल्या, रजिस्टरं आणि दादाचा राखाडी कोटसुद्धा. सकाळी त्यांनीच फोन केला होता. "भाऊजी, लगेच या. फोनवर सांगण्यासारखं नाही." फौजदार निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण वहिनींनी बोलवायचं आणि त्यांनी जायचं नाही, असं आजवर घडलं नव्हतं. काठी उचलली आणि निघाले.

गेला होता तो एक्केचाळीस नंबरचा थोरला. हातभर उंचीचा, डोंगरावरच्या लोकांचा मूळपुरुष. नव्वद वर्षांपूर्वी वस्तू जमवत हिंडणाऱ्या एका साहेबाने तो त्यांच्या कड्यावरून उचलून आणला. दोन वर्षं पत्रं लिहून लिहून त्या लोकांनी अखेर तो परत द्यायला संग्रहालयाला राजी केलं होतं. आज दुपारी चार वाजता तो त्यांच्या हाती द्यायचा होता. त्यासाठी ऐंशी पार केलेली एक आजी, नातीला सोबत घेऊन, दोन दिवसांचा प्रवास करून आली होती.

"चारपर्यंत सापडला नाही तर मी पोलिसांत तक्रार देणार," संचालक दारातूनच म्हणाले. नाकाला रुमाल लावला होता. "त्या नातीविरुद्ध. आणि परत देण्याचा विषय कायमचा बंद."

"नातीविरुद्ध? का?"

संचालकांनी रुमालातूनच आत बोट दाखवलं. "कारण ही पाठ फिरवायची रीत त्यांचीच आहे. पुस्तकात छापलंय."

२

पुस्तक लिहिणारे प्राध्यापक शेजारच्याच खोलीत चहा घेत होते. थोरला परत द्यायला त्यांचा पहिल्यापासून विरोध, त्यामुळे चेहऱ्यावर दुःखापेक्षा 'मी सांगत होतो' हेच जास्त होतं. त्यांनी पान उघडून वाचून दाखवलं. "'थोरला जागा सोडतो तेव्हा बाकीची तोंडं फिरवतात. जाणाऱ्याला पाहू नये अशी समजूत आहे.' साहेबाच्या टिपणावरून कार्ड झालं, कार्डावरून मी घेतलं."

"म्हणजे हे कुणालाही वाचता येईल."

"माझं पुस्तक?" प्राध्यापक कडवट हसले. "सात जणांनी वाचलं असेल. पण त्या लोकांना वाचावं लागत नाही, रक्तातच असतं! आणि काल ती मुलगी तासभर एकटी बसली होती त्याच्यापाशी. अहो, नेऊन करणार काय? उघड्यावर ठेवणार. कुजवणार! नव्वद वर्षं जपलेली वस्तू!" हातवाऱ्याच्या भरात कप उलटला आणि चहा पुस्तकभर झाला.

"कोठीत तुमचं जाणं-येणं असतं?"

"दारातून बघतो. आत हात लावायची मनाई आहे मला," प्राध्यापक रुमालाने पानं टिपत म्हणाले. "एकदा एकाचा कान तुटला माझ्या हातून."

संचालकांची गत वेगळी. कीटकनाशकाच्या वासाने त्यांना शिंका सुटायच्या, त्यामुळे दोन वर्षांत त्यांनी कोठीचा उंबरा ओलांडला नव्हता. दुसरा किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या कपाटात होता आणि पाकिटावरचं लाखेचं सील शाबूत होतं.

राहिला पहारेकरी. गडी जुना, दादाच्या वेळचा. उजवा खांदा आखडलेला, हात छातीच्या वर जात नव्हता.

"पाहुण्यांच्या पिशव्या मी स्वतः तपासल्या," तो म्हणाला. "नातीच्या पिशवीत पाण्याची बाटली आणि आजीची औषधं. सव्वापाचला दोघी बाहेर."

"आणि इथल्या लोकांच्या पिशव्या?"

"साहेब, वीस-वीस वर्षं रोज बघतो त्यांना. त्यांच्या काय तपासायच्या?" त्याने इकडेतिकडे पाहून आवाज उतरवला. "एक सांगू? हसणार नसाल तर. तुमचे दादा येतात अजून. दुपारी जेवायच्या सुट्टीत इथं सामसूम असते. कोठीचं दार बंद. आणि आतून खोकला ऐकू येतो. तोच तो, दोनदा कोरडा आणि एकदा लांब. मी मुकाट्याने बाजूला होतो."

फौजदार हसणार होते. तेवढ्यात बंद दारापलीकडून कुणीतरी खोकलं. दोनदा कोरडं, एकदा लांब.

३

फौजदारांनी दाराच्या कडीला हात घातला. मग त्यांनी दार ढकललं.

आत वहिनी होत्या. दादाचा राखाडी कोट अंगात, स्टुलावर बसलेल्या, समोर न उघडलेला डबा. चाळीस पाठी त्यांच्याकडे करून मंडळी उभी होती.

"जेवायला इथंच बसते मी," त्या म्हणाल्या. "सवय झालीय."

"आणि हा खोकला?"

"इथल्या औषधाचा. त्यांना होता, मलाही लागला. तुम्हाला काय वाटलं?"

काय वाटलं ते फौजदारांनी सांगितलं नाही. काठी टेकवत ते फळ्यांवरून नजर फिरवत गेले. एका गोष्टीने मघापासून त्यांना टोचणी लावली होती. चाळीस जुनी लाकडं फिरवलेली, पण खाली रंगाचा एक टवका पडला नव्हता. अगदी वरच्या फळीवरचीही फिरवलेली, म्हणजे हात वर जाणारा माणूस. खालच्या फळीवर एक पाय निखळलेला म्हातारा होता, दोऱ्याने पाटाला बांधलेला. त्याला कुणी नुसता उचलला नव्हता, पाटासकट फिरवला होता.

"चोर मोठा मायाळू दिसतो," ते म्हणाले. "इतकं जपून कोण फिरवेल?"

"ज्याला त्यांची माया असेल तो," वहिनी म्हणाल्या आणि डब्याचं झाकण पुसू लागल्या.

फौजदारांनी कीड-रजिस्टर मागितलं. दर महिन्याला प्रत्येक लाकडाची तपासणी, भोक दिसलं तर औषध, तारीख, सही. दादाचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण सही चुकलेली नाही. फक्त एकोणीस वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात सलग तीन महिने पान कोरं होतं. त्यानंतर पुन्हा रीतसर नोंदी. मात्र त्या हिवाळ्याच्या आधी दर वर्षी कीड लागणाऱ्या एक्केचाळीस नंबरापुढे त्यानंतर एकदाही कीड नव्हती. शेजारच्या एकोणचाळीसला लागली, चाळीसला लागली. एक्केचाळीस ठणठणीत.

त्या तीन महिन्यांच्या तारखा फौजदारांनी दोनदा वाचल्या. त्या हिवाळ्यात ते हॉस्पिटलात होते. कंबरेचं हाड मोडलं होतं, आणि दादा रात्रंदिवस त्यांच्या उशाशी होता.

मग त्यांनी कार्डांचा खण उघडला. कार्डांवरचं अक्षर दादाचं नव्हतं, सुरेख, गोल होतं. एक्केचाळीसच्या कार्डावर साहेबाने काढलेला जुना फोटो चिकटवलेला. आज पाहुण्यांना द्यायच्या कागदांत नवा फोटो होता. दोन्ही शेजारी ठेवून ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी आपली काठी खिडकीच्या उजेडात धरली आणि तिच्या मुठीवरून अंगठा फिरवला.

"काय झालं, भाऊजी?"

"काही नाही," ते म्हणाले. "आजींना भेटून येतो." वहिनींकडे न बघताच ते बाहेर पडले.

४

पाहुण्यांच्या खोलीत आजी खुर्चीवर मांडी घालून बसली होती. नात दारात उभी, डोळे लाल.

"चोर म्हणून मला धरणार असाल तर धरा," नात म्हणाली, "पण आजीला घरी पोचवा आधी. पुन्हा एवढा प्रवास तिला झेपणार नाही."

"बस गं," आजी म्हणाली. "या माणसाला विचारू दे. बसा हो, फौजदार. पाय दुखतोय तुमचा."

फौजदार बसले. पाठमोऱ्या मंडळींचं त्यांनी सांगितलं आणि प्राध्यापकांचं ओलं पुस्तक पुढे केलं. नातीने ती ओळ वाचून दाखवली. आजीचे खांदे हलायला लागले. फौजदारांना वाटलं रडतेय, पण ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

"उलटं सांगितलं होतं त्याला! माझ्या आज्याने! साहेब रोज वही घेऊन बसायचा. हे काय, ते काय, असं का करता. पाहुणा म्हणून हाकलता येईना. मग आज्याने ठरवलं, सांगायचं सगळं, पण उलटं करून. म्हणजे आमचं आमच्यापाशी राहील." तिने डोळे पुसले. "थोरला निघतो तेव्हा सगळ्यांनी तोंड त्याच्याकडे करायचं. लहान-मोठे, जिते-मेलेले, सगळ्यांनी. जाणाऱ्याकडे बघायचं असतं हो. पाठ फिरवली तर तो जाईल कसा? अडकून राहील ना."

फौजदारांनी विचारलं, "आणि तो गेल्यावर?"

"तो कड्यावर असतो. ऊन, वारा, पाऊस. हळूहळू कुजतो. पुरता कुजला की सुटला. मग आम्ही नवा कोरतो. यांनी नव्वद वर्षं कपाटात ठेवला, ना कुजू दिला, ना सोडला. तेव्हापासून नवा कोरलेला नाही. त्याच्यामागे गेलेले सगळे खोळंबलेत. माझी आई, माझा नवरा. वाऱ्याच्या दिवशी दाराशी येतात, आणि पुढची वाट कुठली म्हणून विचारतात. मी काय सांगू त्यांना? मी गेले तर मलाही तिथंच रांगेत उभं राहायचंय."

ती हे भाजी निवडतानाच्या आवाजात बोलत होती, त्यामुळे ऐकायला जास्त अवघड गेलं.

फौजदार उठले. त्यांना हवं ते मिळालं होतं आणि नको तेही.

"फौजदार," आजीने मागून हाक मारली. "परवा त्यांनी मला दाखवला ना, फळीवरचा. तो आमचा नव्हताच."

५

संग्रहालयाच्या मागेच वहिनींचं घर. दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. फौजदारांनी वहिनींना कोठीतून उठवून तिथे नेलं आणि ओट्याजवळच्या टेबलापाशी बसवलं. घड्याळात तीन वाजले होते.

आयुष्यभर त्यांनी लोकांना कबुलीजबाब द्यायला लावले होते. आज शब्द फुटेना. आपलेच दात, आपलेच ओठ.

"ज्याने मंडळी फिरवली त्याला त्यांची रीत कार्डावरून ठाऊक होती," ते अखेर म्हणाले. "आजीच्या घरचं माणूस असतं तर तोंडं दाराकडे केली असती. साहेबाला मुद्दाम उलटं सांगितलं होतं. ती चूक फक्त या इमारतीतलं माणूसच करू शकतं."

वहिनींनी मान वर केली. हे त्यांना नवीन होतं.

"प्राध्यापकांनी कार्ड वाचलं होतं. पण ते धड कप धरू शकत नाहीत, चाळीस लाकडं टवका न उडवता कशी फिरवणार? संचालकांना आत श्वास घेता येत नाही, आणि त्यांच्या किल्ल्या सीलबंद. पहारेकऱ्याचा हात वर जात नाही. राहिलं कोण? कार्डं सुवाच्य अक्षरात उतरवून काढणारं. तुमचं अक्षर आहे ते, वहिनी. आणि तुमची पिशवी कुणी तपासत नाही."

वहिनींनी कोटाची बाही सारखी केली.

"पण सकाळपासून तुम्ही माझ्याशी एकही शब्द खोटा बोलला नाहीत. कुलूप मी लावलं, मीच उघडलं. म्हणून मला कळेना, चोरी केलीच कशाला? मग फोटो पाहिले." त्यांनी काठी टेबलावर ठेवली. "जुन्या फोटोत चाकूचे घाव एका बाजूला कललेले आहेत. नव्या फोटोत उलट्या बाजूला. डावखुऱ्या माणसाचे. या मुठीवर आहेत तसेच. ही काठी दादाने त्याच हिवाळ्यानंतर मला करून दिली. थोरलाही त्यानेच केला, हो ना?"

वहिनींचा आवाज अगदी खाली गेला होता. "तुमच्या उशाशी होते तीन महिने. कोठीत कुणी फिरकलं नाही. छत गळत होतं, ते कुणाला कळलं नाही. परत गेले, थोरल्याला उचलायला हात घातला, तर हातातच दोन तुकडे झाले. आतून भुसा. तसे हात पुढे धरून घरी आले हो, पोर दगावल्यासारखे. मग इथंच, या टेबलावर, सव्वा महिना बसून दुसरा कोरला. त्यानंतर एक दिवस धड झोपले नाहीत. म्हणायचे, मी त्या लोकांचा बाप मारला."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही पोलीस. आणि कारण तुमचं दुखणं. तुम्हाला कसं सांगणार?"

फौजदारांना खिडकीबाहेर बघावंसं वाटलं. त्यांनी बघितलं नाही.

"आज चार वाजता मला सही करायची होती," वहिनी म्हणाल्या. "कोठीपाल म्हणून. 'हाच तो,' असं लिहून. खोटी सही करवेना, आणि खरं सांगून मेलेल्या माणसाच्या नावाला काळं फासवेना. काल नात गेल्यावर दोघांनाही पिशवीत घातलं आणि आणलं. कोरलेला फळीवरचा, आणि खरा."

"खरा अजून आहे?"

"टाकवेल का? डब्यात होता, शेवटच्या फळीखाली. एवढी वर्षं मंडळींच्यातच होता. तो बाहेर निघणार म्हणून मी सगळ्यांना फिरवलं. म्हटलं, बाकी काही नाही तर एवढं तरी त्यांच्या रीतीने होऊ दे." त्या कडू हसल्या. "तेही उलटंच केलं. आणि आळ त्या पोरीवर येईल हे डोक्यातही आलं नाही. सकाळी संचालक तिचं नाव घेऊ लागले तेव्हा तोंड उघडेना. म्हणून तुम्हाला फोन केला. तुम्ही शोधून काढाल म्हणून."

त्या उठल्या, कपाटातून आधी दादाचा थोरला काढला, मग बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा. डबा टेबलावर ठेवला, आणि झाकणावरून हात काही केल्या उचलवेना.

"आजीला कसं दाखवू हे, भाऊजी?"

६

चारला दहा कमी असताना डबा आजीच्या मांडीवर होता. संचालक, प्राध्यापक, पहारेकरी, सगळे भिंतीला टेकून उभे. वहिनींनी सगळं सांगितलं होतं, दादाचं नाव घेऊन, मध्ये एकदाही न थांबता.

आजीने झाकण काढलं. आत दोन काळपट तुकडे आणि पिवळसर भुसा. तिने डबा नाकाशी नेला, डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला.

"आलास होय रे," ती डब्यात बघून म्हणाली. "सुटत आलास की."

प्राध्यापक पुटपुटले, "पण तो तर नष्ट..."

"कुजलाय," आजी म्हणाली. "थोडाच राहिलाय. कड्यावर एक पावसाळा, की झाला मोकळा." मग तिने वहिनींना जवळ बोलावलं. "तुझा नवरा घाबरला होता का गं?"

"मरेपर्यंत," वहिनी म्हणाल्या आणि तिथेच खाली बसून हमसून हमसून रडायला लागल्या.

"वेडा कुठला." आजीने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "बाकीच्यांनी नव्वद वर्षं त्याला कोंडून ठेवला. याच्या हातून चुकून का होईना, त्याला वाट मिळाली. परवा मी मुद्दाम गप्प बसले. म्हटलं, खोटा देऊन आम्हाला वाटेला लावतायत. बघू, कुणाला लाज वाटते. तुला वाटली."

मग नातीने सांगितलं तसं सगळे कोठीत गेले. चाळीस मंडळींना एकेक करून फिरवायचं होतं, दाराकडे. वहिनी वरच्या फळीवरची फिरवत होत्या, पहारेकरी डाव्या हाताने खालची. संचालक नाकाला रुमाल लावून आत आले, सात वेळा शिंकले, पण हटले नाहीत. प्राध्यापकांना कुणी हात लावू दिला नाही. त्यांनी दार धरलं. त्यांचं पुस्तक त्यांच्या काखेत होतं, अजून ओलं.

आजी डबा घेऊन दारातून निघाली. चाळीस लाकडी चेहरे तिच्याकडे बघत होते आणि जिवंत माणसंही. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत फौजदारांनी नजर काढली नाही.

एक्केचाळीस नंबरापुढे 'परत दिला' असं लिहून वहिनींनी सही केली, आणि त्याच कागदाखाली राजीनामा ठेवला. दादाच्या थोरल्याला नंबरच नव्हता, त्यामुळे तो कुणाचा यावर वाद झाला नाही. निघताना आजीने त्याला खालीवर न्याहाळलं होतं. "हात चांगला होता त्याचा," म्हणाली होती. "याचं काय करायचं ते तुम्हाला कळलंच असेल."

पुढच्या आठवड्यात फौजदारांनी वहिनींच्या घरामागच्या मोकळ्या जागेत, झाडापासून दूर, एक सपाट दगड बसवला आणि त्यावर त्याला उभा केला. दोघं खुर्च्या टाकून चहा घेत बसले. वहिनी खोकल्या, दोनदा कोरडं, एकदा लांब, आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी त्यांनी चहाबरोबर घेतली.

थोड्या वेळाने आभाळ भरून आलं. पहिला थेंब थोरल्याच्या खांद्यावर पडला आणि लाकडावर काळा ठिपका उमटला. फौजदार काठी टेकून घाईने उठले. परसदारी प्लास्टिकचा कागद होता, तो त्यांनी ओढला.

"राहू दे, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "भिजू दे."

फौजदारांच्या हातात कागद तसाच राहिला. मग त्यांनी तो घडी घालून खाली ठेवला, खुर्ची उचलली, दादाच्या थोरल्याच्या अगदी समोर मांडली आणि त्याच्या तोंडाकडे बघत पावसात बसून राहिले.